मुलींना एचआयव्हीबद्दल सांगायचंय, पण एका चिठ्ठीवर अडले आहे

खडूफळा:
मी गणित शिकवते. "तू बोलकी आहेस" म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींचा एचआयव्हीचा तास माझ्या गळ्यात पडला. नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. डास चावला तर, एकच टॉवेल वापरला तर, मिठी मारली तर, असले प्रश्न बरेच होते. याने होत नाही, एवढं मला ठाऊक आहे, सांगितलं. मग ही निघाली: "बाई चांगली असेल आणि लग्न झालेलं असेल तरी होतो का?" मी ती घडी घालून पर्समध्ये टाकली आणि वेळ संपली म्हणाले. खरं तर बारा मिनिटं शिल्लक होती. पुढच्या आठवड्यात परत तास आहे. काय सांगू?

रात्रपाळी:
गणिताच्या बाई, ती चिठ्ठी बाहेर काढा आणि तास तिथूनच सुरू करा.

सोळा वर्षं मी तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. माझ्यासमोर बसून रडलेल्या कित्येक जणींच्या आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष आलेला नव्हता. होतं असं, की गरोदरपणात बाईचं रक्त तपासलं जातं, नवऱ्याचं राहून जातं. तिचा रिपोर्ट आधी येतो आणि घरात ठरून जातं की हिनेच आणलं. 'आधी कळलं' म्हणजे 'आधी झालं' नव्हे, हे फळ्यावर मांडा. तुमचाच विषय आहे. तपासणी दोघांची, आणि शक्यतो एकत्र, हेही सांगा.

'चांगली' या शब्दावर मात्र थांबा. असुरक्षित संबंधात पुरुषाकडून बाईला लागण व्हायचा धोका उलट दिशेपेक्षा जास्त असतो, कारण योनीच्या अंतस्त्वचेचा पृष्ठभाग मोठा आणि वीर्य आत जास्त वेळ राहतं. त्यात चारित्र्य कुठे आलं? जगात एचआयव्हीसह जगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया आणि मुली आहेत.

आणि एक आकडा मोठ्या अक्षरात लिहा: ७२ तास. जबरदस्ती झाली, कंडोम फाटला, तर तेवढ्या वेळात, आणि जितकं लवकर तितकं चांगलं, दवाखान्यात जायचं. २८ दिवस गोळ्या घेतल्या तर लागण बहुतेक वेळा टळते. माझ्याकडे एक मुलगी चौथ्या दिवशी आली होती.

उंबरठा_६०:
एवढ्याशा मुलींना हे सगळं कशाला? संयम शिकवा म्हणजे झालं.

रात्रपाळी:
चौथ्या दिवशी आलेली मुलगी पंधरा वर्षांची होती. तिने कुठला संयम पाळायचा होता?

निळीडबी:
इथे नेहमी फक्त वाचते, आज लिहिते. अकरा वर्षांपूर्वी गरोदरपणातच कळलं. उपचारांशिवाय आईकडून बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते. मला हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, पहिल्यांदा ऐकूच आलं नव्हतं. माझी मुलगी निगेटिव्ह आहे. मी रोज एक गोळी घेते. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झालाय, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही.

विनंती एकच, कवटीचं पोस्टर लावू नका. आमच्या शाळेत होतं. त्या व्याख्यानातलं दुसरं काही आठवत नाही. रिपोर्ट हातात आला तेव्हा डोळ्यांसमोर पहिली तीच कवटी आली.

आणि तुमच्या वर्गात एखादी मुलगी अशी असेल की जी जन्मापासून एचआयव्हीसह जगतेय, किंवा जिच्या आईच्या कपाटात माझ्यासारखी लेबल खरवडलेली डबी आहे. ती समोर बसली आहे असं समजून बोला. 'त्या लोकांना' म्हणू नका.

खडूफळा:
'त्या लोकांना' मी मागच्या तासाला म्हटलं होतं. चुकलंच.

फळ्यावर दोन तारखा लिहीन, लागण आणि रिपोर्ट. पण लागण झाली की तपासणीत लगेच दिसतं का?

रात्रपाळी:
नाही. मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेल्या हल्लीच्या तपासणीत साधारण १८ ते ४५ दिवसांत दिसतं, बोट टोचून करतात त्या झटपट तपासणीला ९० दिवसही लागू शकतात. म्हणून लगेचचा निगेटिव्ह रिपोर्ट शेवटचा मानायचा नाही, परत तपासायचं. तुमच्या दोन तारखांमध्ये तेवढी जागा सोडा.

बाकी, बारा मिनिटांत हे मावणार नाही, सलग दोन तास मागून घ्या. मुलांचा तास कोण घेतंय?

खडूफळा:
मुलांना त्या वेळी मैदानावर सोडतात. उद्या विचारते.