आयटीपी: प्लेटलेट कमी असताना रोजचं कसं सांभाळता? (पुणे)

मुक्ता_कोथरूड:
माझ्या धाकट्या बहिणीला आयटीपीचं (आपलीच प्रतिकारशक्ती रक्तातल्या प्लेटलेट कमी करते तो आजार) निदान झालंय. प्लेटलेट तीस-चाळीस हजारांच्या घरात असतात (नॉर्मल दीड ते साडेचार लाख). प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) कमी केलं की आकडा घसरतो, म्हणून आता एल्ट्रोम्बोपॅग (प्लेटलेट वाढवणारी गोळी) सुरू केलंय. हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) चांगले आहेत, औषधं बदलायचा सल्ला नकोय. पण आई तिला विळीला हात लावू देत नाही, स्कूटरची किल्ली लपवते. आत्या रोज पपईच्या पानांचा रस पाठवते. आणि हिला यंदा पथकात ढोल वाजवायचाय! नक्की काय जपायचं आणि काय सोडून द्यायचं?

शनिवारपेठी:
मला बरीच वर्षं आयटीपी आहे. आकड्याइतकंच अंगाकडेही बघा. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे नवे लाल ठिपके, तोंडात रक्ताचे फोड, घोळणा फुटून थांबेना, काळी शौच, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोक्याला मार लागला किंवा अचानक असह्य डोकं दुखलं तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

माझा आकडा एवढाच असताना मी नोकरी करतो, भाजी चिरतो. बोट कापलं तर जरा जास्त वेळ दाबून धरतो. स्कूटरचं डॉक्टरांना विचारा, हेल्मेटला मात्र पर्याय नाही. डिस्प्रिन, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, व्होवेरान तिच्यासाठी बंद, तापाला पॅरासिटामॉल. हिमॅटॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय कमरेत इंजेक्शन नको, दातही काढायचा नाही. निदान आणि चालू औषधं लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये कायम ठेवायला सांगा.

रसाचं म्हणाल तर या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती प्लेटलेटवर अँटिबॉडी चिकटवते आणि मग प्लीहा त्या नष्ट करते. शिवाय बऱ्याच जणांत नव्या प्लेटलेटही पुरेशा तयार होत नाहीत. पपईने हे थांबत नाही. आत्यांना डेंगीचं ऐकून वाटत असेल, प्रेमाने नाही म्हणा.

लॅबमधली_वैशाली:
एल्ट्रोम्बोपॅगच्या वेळा सांभाळा. दूध, दही, ताक, पनीर, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांच्या निदान दोन तास आधी किंवा चार तासांनंतर ती घ्यायची, नाहीतर अंगी लागत नाही. प्रेडनिसोलोनबरोबर बहुतेकांना कॅल्शियम असतंच, तिथेच घोळ होतो.

आणि आकडा एकदम विचित्र आला तर घाबरण्याआधी स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला कमी दिसतात. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा मोजतात.

अर्चना_धायरी:
माझ्या मुलीलाही हेच आहे. ढोल कमरेला आवळून बांधतात, तासन्‌तास घासून नेहमीच्या पोरांनाही वळ उठतात, म्हणून तिला डॉक्टरांनी झांज वाजवायला परवानगी दिली. नदीपात्रातल्या सरावाला ती जाते, विसर्जनाच्या गर्दीत नाही. सराव पावसाळ्यात, म्हणजे ऐन डेंगीत. पूर्ण बाह्या, डास पळवायचं मलम. ताप आला तर त्याच दिवशी तपासणी. थकवा आणि चिडचिड यांत आजार आणि स्टेरॉइड दोन्हींचा हात असतो, तिला आळशी म्हणू देऊ नका कुणाला.

मुक्ता_कोथरूड:
मनापासून आभार. झांजेचं विचारतेच. अजून एक, पाळीत तिला फार रक्तस्राव होतो, सांगायला लाजते.

अर्चना_धायरी:
ते आधी सांगायचं, ताई! ट्रानेक्झॅमिक ॲसिड किंवा हॉर्मोनच्या गोळ्या देतात, पण स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हिमॅटॉलॉजिस्ट दोघांनी मिळून ठरवायचं. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. पॅड किती वेळाने बदलावं लागतं ते लिहून न्या, तिला तोंडाने सांगावं लागणार नाही.