अनुभव धागा: ठोकळ्यांची फिल्म पाहून लोक काय म्हणाले?

माझी पहिली स्टॉप-मोशन फिल्म, म्हणजे वस्तू जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची अशी केलेली, नुकतीच पुरी झाली. लेगोच्या ठोकळ्यांचं दीपगृह, त्यात एकटा राहणारा म्हातारा रखवालदार आणि वादळी रात्री दार ठोठावणारा पाहुणा. लांबी चार मिनिटं दहा सेकंद. सेकंदाला १२ फोटो धरले तर ३,००० फोटो, टाकून दिलेले वेगळेच. अकरा आठवडे रोज रात्री तेच काम.

मग दाखवायला सुरुवात केली आणि मी चक्रावलो. ज्या लाटांसाठी निळ्या पारदर्शक ठोकळ्यांची रांग प्रत्येक फ्रेमला, म्हणजे प्रत्येक फोटोला, हलवत बसलो होतो, त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. उलट ताई म्हणाली, "तो दारात थांबतो ना, उघडू की नको अशा विचारात, तिथे मला भरून आलं." आणखी दोघांनी तेच सांगितलं.

खरं म्हणजे तो विचार करत नव्हता. त्या रात्री मी इतका दमलो होतो की म्हातारा हलवायचा विसरूनच बटण दाबत राहिलो. एकाच स्थितीचे १८ फोटो निघाले, म्हणजे दीड सेकंद. काढायचा कंटाळा केला म्हणून ते राहिले. फिल्ममधली सगळ्यात जिवंत जागा माझ्या हातून अशी झाली, हे कळल्यापासून मी लोकांचं बोलणं वेगळ्या कानाने ऐकतो आहे.

तुम्ही अशी फिल्म केली असेल किंवा कुणाची पाहिली असेल, तर लिहा. कुणी काय म्हटलं, तुम्हाला ते कसं लागलं, आणि मग तुम्ही काय केलंत?

———

माझ्या फिल्मला पहिली प्रतिक्रिया आली ती अशी: "बाहेर ढग येत-जात आहेत का?" प्रसंग तर गुहेतला होता! उजेड लुकलुकत होता आणि मला तो दिसतच नव्हता, कारण मी सतत माणसांच्या हातापायांकडे बघत होते.

कारणं शोधायला दोन आठवडे गेले. पहिलं कारण कॅमेरा. त्याच्यावर सोपवलं तर प्रत्येक फोटोला तो उजेड नव्याने मोजतो आणि पात्र जरा सरकलं तरी मत बदलतो. शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (उजेडाला किती दाद द्यायची), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा), फोकस, चारही हाताने पक्के करावे लागतात. दुसरं कारण खिडकी. सूर्य कुणासाठी थांबत नाही. पडदा पूर्ण लावून दिव्याच्या उजेडातच शूट करायचं. तिसरं कारण मी. पांढरा कुर्ता घालून बसायचे आणि त्याचा उजेड चकचकीत प्लास्टिकवर पडायचा. मी पुढे वाकले की गुहा उजळायची, मागे सरले की काळोखायची. आता गडद कपडे घालते आणि बटण दाबताना रोज एकाच जागी बसते.

ढगांबद्दल विचारणाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं, एवढंच. पण "लायटिंग सुधारा" असं कुणी म्हटलं असतं तर मी आणखी एक दिवा आणून ठेवला असता आणि लुकलुक तशीच राहिली असती.

———

माझ्या लेकीने नऊ वर्षांची असताना फिल्म केली. दोन मित्र डोंगर चढतात, एक कड्यावरून पडतो, दुसरा त्याला शोधायला खाली उतरतो. तिच्या मते अत्यंत दुःखी गोष्ट. वर्गातल्या मुलांना दाखवली आणि तो पडला तशी सगळी मुलं खदाखदा हसली. घरी येऊन ती न जेवता झोपली.

मी आधी मुलांवरच चिडलो. मग रात्री एकट्याने तो प्रसंग पुन्हा पाहिला, आणि मलाही हसू आलं. लेगोच्या माणसाला कोपर नाही, गुडघा नाही. खांदा, मनगट, मान आणि कमरेपासून अख्खा पाय, एवढंच हलतं. तो कोसळतो तेव्हा फळीसारखा आडवा होतो. आणि तोंडावर छापलेलं हसू! मृत्यूच्या दारात हसतमुख.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "बाळा, ती तुला हसली नाहीत, त्या पडण्याला हसली." ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिनेच डबा उपसून दोन चेहरे छापलेलं एक डोकं शोधून काढलं. पुढे हसरा, मागे घाबरलेला, मागचा केसांच्या टोपाखाली झाकलेला. कड्यावर पाय निसटतो तिथे तिने डोकं फिरवलं. आणि पडणं दाखवलंच नाही. फक्त वरच्या मित्राचा चेहरा आणि त्याने पुढे केलेला हात, जो तसाच राहतो.

दुसऱ्यांदा दाखवली तेव्हा मी वर्गाच्या दारात उभा होतो. त्या जागी कुणी हसलं नाही. एका मुलाने विचारलं, "सापडतो का तो?" ती जे उठून बसली त्या प्रश्नाने, ते मला अजून दिसतं.

———

मी नुसती बघणारी. भाच्याने फिल्म दाखवली, मी म्हटलं, "छान!" त्याने विचारलं, "आत्या, छान म्हणजे कुठलं?" मला एकही जागा सांगता आली नाही. फार लाज वाटली. आता कुणीही काही दाखवलं की दोनदा बघते. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा त्या पोराच्या मेहनतीसाठी. आणि निदान एक जागा नेमकी सांगते.

———

दोन आठवडे एका वाक्याने माझी झोप उडवली होती: "माणसं तरंगतात."

माझे शिपाई चालताना जमिनीला लागल्यासारखे वाटत नव्हते. ठोकळ्यांच्या पाटीवर चालवायचं तर एक अडचण असते. पाटीवरच्या बुटक्या खुंट्या एकमेकींपासून ८ मिलिमीटरवर असतात, त्यामुळे पाय त्या मापातच पडतो. माणूस घट्ट उभा राहतो, पण पाऊल आपल्या मर्जीचं नाही. गुळगुळीत फरशी लावली तर हवं तितकं सरकवता येतं, पण एका पायावर तो उभा राहत नाही. तळव्याला चिकटमाती लावावी लागते. मी फरशी लावून सगळं चालणं पुन्हा शूट केलं. आठ दिवस. पुन्हा दाखवलं. "अजून तरंगतात."

शेवटी एका मित्राने डोळे मिटून फिल्म ऐकली. म्हणाला, "पावलांचा आवाज कुठे आहे?" खाली नुसतं संगीत होतं. दोन ठोकळे टेबलावर टकटक करून आवाज ध्वनिमुद्रित केला आणि प्रत्येक पावलाखाली बसवला. एका संध्याकाळचं काम. नंतर गंमत म्हणून पहिलं, जुनं चालणं त्याच आवाजासकट दाखवलं. कुणालाही ते तरंगताना दिसलं नाही.

म्हणजे प्रेक्षकाने बोट ठेवलं ती जागा बरोबर होती. दुखणं मात्र डोळ्याचं नव्हतं, कानाचं होतं. आठ दिवस वाया गेले असं मी म्हणत नाही, त्या आठ दिवसांत मी चालवायला शिकलो. पण आता "असं कर" कुणी म्हटलं की आधी विचारतो, "तुला तिथे नक्की काय झालं?"

———

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. मला सगळे सांगायचे "अडखळतंय, फ्रेम वाढव." मी सेकंदाला १२ फ्रेमवरून थेट २४ वर गेलो, दुप्पट फोटो काढले. तरी अडखळतच होतं. चूक ही होती की मी हात प्रत्येक फ्रेमला सारखाच सरकवत होतो. हात निघताना हळू, मधे वेगात, थांबताना पुन्हा हळू, असं केल्यावर १२ फ्रेममध्येही तो मऊ दिसायला लागला. आता २४ च्या वाटेला जात नाही.

———

मी निवृत्तीनंतर सुरू केलं. मला आलेली सगळ्यात जड प्रतिक्रिया फिल्मबद्दल नव्हतीच. एक नातेवाईक म्हणाले, "या वयात ठोकळ्यांशी खेळता?" चार लोकांत म्हणाले. मी तो डबा दोन महिने उघडला नाही.

मग मीच वाचत गेलो. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि त्याची वाढ महिन्याहून अधिक काळ रोज थोडी थोडी टिपली. पडद्यावर मिनिटभराचा खेळ. तो मिनिट पाहूनच पहिल्या चित्रपटासाठी त्यांना कर्ज द्यायला माणसं तयार झाली. ठोकळ्यांचंही तसंच. १९७३ मध्ये डेन्मार्कमधल्या दोघांनी सुपर ८ या घरगुती फिल्म-कॅमेऱ्यावर चंद्राच्या सफरीची सहा मिनिटांची फिल्म केली. ठोकळ्यांच्या फिल्मांमध्ये ज्ञात असलेली ती पहिली समजतात. हातपाय हलणारी आजची लेगोची माणसं तर त्यानंतर, १९७८ मध्ये आली.

डबा उघडला. त्या नातेवाइकांना पुढची फिल्म मुद्दाम घरी बोलावून दाखवली. बघून झाल्यावर म्हणाले, "ती बस वळते तेव्हा आतली माणसं का झुकत नाहीत?" मला इतका आनंद झाला! पुढच्या फिल्ममध्ये झुकवली.

———

माझी फिल्म नऊ मिनिटांची होती. सुरुवातीला ठोकळ्यांच्या शहरावरून कॅमेरा सावकाश सरकतो. ते शहर बांधायला तीन आठवडे लागले होते. प्रत्येक बाल्कनीत कुंडी. फिल्म पाहायला सहा जण बसले, आणि मी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते. विसाव्या सेकंदाला एकाने पाय हलवायला सुरुवात केली. तिसाव्याला दुसरीने फोन पाहिला. पहिलं पात्र आलं तसे सगळे सावरून बसले. नंतर सहाही जण म्हणाले, "शहर काय सुंदर बांधलंय!"

तोंड एक बोलत होतं, पाय दुसरं. मी पायांचं ऐकलं. चाळीस सेकंदांचं शहर सहा सेकंदांवर आणलं. कापताना डोळ्यांत पाणी आलं, ते लपवण्यासारखं नाही. कुंड्या आता कुणालाच दिसत नाहीत.

तेव्हापासून आधी कच्चा आराखडा दाखवते. पात्रं नुसती उभी करून फोनवर तीस-चाळीस फोटो, त्यावर माझ्याच आवाजात संवाद, सगळं ठरलेल्या लांबीचं. दोन-तीन जणांना दाखवायचं आणि कुठे कंटाळा येतो ते बघायचं. स्टॉप-मोशनमध्ये शेवटी मिळालेला अभिप्राय कितीही बरोबर असला तरी सेट मोडलेला असतो, दिवे हललेले असतात आणि पुन्हा तसाच उजेड जुळवणं महाकठीण. तेव्हा बोलणाऱ्यांना वेळेवर बोलू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

———

एका फ्रेममध्ये बोटं दिसतात. सेकंदाचा बारावा भाग. प्रत्येक नवा प्रेक्षक तिथे थांबवून दाखवतो, "हे राहिलं बघ." मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून ती फिल्म केली होती, तो हलवायचा आणि मी बटण दाबायचो. मी घाई केली, त्याचा हात निघाला नव्हता. आता तो लांब असतो. फ्रेम तिथेच आहे.

———

धागा सुरू करणारा मी पुन्हा. आत्याबाईंचा "कुठलं छान?" हा प्रश्न मी उचलला आहे, आणि कालपासून फिल्म दाखवताना लोकांच्या पायांकडेही बघतो आहे.

दारातल्या त्या थांबण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. इतकं आवडतंय म्हटल्यावर मी लोभाने तीच फ्रेम आणखी बारा वेळा जोडली, म्हणजे अडीच सेकंद. ताईला काही न सांगता दाखवलं. ती म्हणाली, "इथे अडकलं का रे?" मग त्या थांबण्याचे २४ फोटो करून पाहिलं. तिने काही म्हटलं नाही, पण तिचा हात की-बोर्डकडे गेला. पुन्हा १८ केलं. या वेळी ती नुसती बघत राहिली, आणि दार उघडल्यावर तिने श्वास सोडला.

आज रात्री पाहुण्याचा प्रसंग पुन्हा नव्याने घेतो आहे. तो दाराबाहेर किती वेळ थांबतो, ते अजून ठरलेलं नाही.