जुनी गाडी ठोकलेली आहे का, कसं ओळखायचं?

बी-७०४: नमस्कार मंडळी. सेकंडहँड हॅचबॅक बघतोय. २०१९ चं मॉडेल, पेट्रोल, फर्स्ट ओनर. डीलर म्हणतो एकदाही ठोकलेली नाही. एम-परिवाहन या सरकारी ॲपवर बघितलं, सगळं क्लिअर आहे. टोकन देऊन टाकू का?

बी-२०१: थांबा. तिथे मालक कितवा, बँकेचा बोजा, विमा, पीयूसी एवढंच कळतं. गाडी कुठे आपटली ते नाही.

ए-१०३: लोहचुंबक घेऊन जा. पुट्टी भरलेली असेल तिथे चिकटत नाही. आम्ही तसंच बघायचो.

बी-२०१: काका, चालतं अजून, पण फडक्यात गुंडाळून. नाहीतर ओरखडा आपणच पाडायचो. आणि अख्खा दरवाजाच नवा टाकला असेल तर चुंबक मस्त चिकटणार.

सी-५०२: मी क्लेमचं काम बघते, म्हणून जरा सविस्तर. रंगाला घाबरू नका दादा. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये इतकी वर्षं फिरलेल्या गाडीला कुठेच टचअप नसेल तर मलाच शंका येईल. बंपर, फेंडर, दरवाजा रंगवलेला चालतो. बघायचा तो सांगाडा.
बॉनेट उघडा. फेंडरचे आणि बिजागरीचे बोल्ट कंपनीतून रंगासकट येतात. पाना लागला की कडांवरचा रंग उडतो. तसं दिसलं तर आतले एप्रन, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचा वरचा भाग ज्यात बसतो तो पत्रा, डावा-उजवा ताडून बघा. एका बाजूचं सीलंट सरळ आणि दुसरीकडे बोटाने फासल्यासारखं असेल, तर समोरून चांगलीच बसलेली आहे.
मग दारांचं रबरी बीडिंग ओढा, दाबलं की परत बसतं. आत पिलरच्या, म्हणजे छत तोलणाऱ्या खांबाच्या, कडेने स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे ठरावीक अंतराने दिसायला हवेत. ते गायब असतील किंवा बुजवलेले असतील तर पिलर कापून जोडलेला असू शकतो. तशी गाडी निम्म्या किमतीत दिली तरी घेऊ नका. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्राही बघा, मागून धडक बसली की तिथे सुरकुत्या पडतात.

ए-३०३: टँकर आला का?

बी-२०१: आला. गाडीवर बोला.

बी-७०४: ताई, ते रंगाची जाडी मोजायचं मायक्रॉनचं मशीन खरंच उपयोगी असतं का?

सी-५०२: असतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. दुसऱ्यांदा रंगवला की २०० च्या पुढे, पुट्टी असली की ५०० च्याही वर. पण त्याआधी पॉलिसी मागवा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे?

बी-७०४: आत्ताच फोटो पाठवला त्याने. २० टक्के.

सी-५०२: तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो. २०१९ च्या गाडीला क्लेम नसता तर आत्तापर्यंत ५० हवा होता. २० म्हणजे आधीचं एकच वर्ष विनाक्लेम. त्याच्या आधी क्लेम झाला, किंवा पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त खंडित होती. नुसती समोरची काच बदलली तरी क्लेम असतो, म्हणून लगेच निकाल लावू नका. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून हिस्टरी काढा, बॉडीशॉपचं बिल कशाचं होतं ते कळेल. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं, धरतात, आणि त्यातल्या काही गाड्या दुरुस्त होऊन परत बाजारात येतात.

बी-२०१: उलटंही होतं. रोख पैसे देऊन बाहेर काम केलं की बोनस ५० चा ५०.

सी-५०२: बरोबर. म्हणून तर बोल्ट आधी. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद करून ठेवलाय.

ए-१०३: २०१९ म्हणजे सप्टेंबरातला आंबिल ओढ्याचा पूरही पाहिलेला असू शकतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ बघा.

सी-५०२: काका, हे मात्र पक्कं.

बी-७०४: शनिवारी संध्याकाळी येता का ताई?

सी-५०२: सकाळी येईन. दिव्याखाली रंगातला फरक कळत नाही. आणि त्याला सांगा, गाडी धुऊन ओली ठेवू नकोस.

सेक्रेटरी: आरसी नावावर झाल्याशिवाय पार्किंग स्टिकर मिळणार नाही. तोपर्यंत व्हिजिटरमध्ये लावावी.