‘शनवार तेली’ : हा शब्द कोणाचा?

निस्सिम इझिकेल यांची ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ ही इंग्रजी कविता परवा मुलीला समजावून देत होतो. ज्यू म्हणून आपण कोण, कुठले, हे कवी त्यात चाचपत जातो. मुंबईतल्या कॅथलिक शाळेत पोरं त्याला ख्रिस्ताच्या खुनाबद्दल धारेवर धरतात. पुढे लंडन, मग परत मुंबई. एका कडव्यात पूर्वज येतात: जातीजातींत परके, पोटासाठी बिया चिरडणारे. आणि कंसात डोळ्यांवर झापड बांधलेला एक बैल गोल फिरतोय.

मुलीने विचारलं, “बिया चिरडून काय करायचे?” म्हटलं, अगं, तेलाचा घाणा! हे आपले कोकणातले ज्यू, शनवार तेली. बोललो खरा, पण जीभ जरा अडखळली. हा हिणवण्याचा शब्द होता का? आणि शनवार म्हणायचं की शनिवार?

प्रतिसाद १
बोलण्यात शनवारच. शनवारवाडा म्हणतो तसं. अर्थ सरळ आहे: शनिवारी ज्यांचा घाणा बंद ते. महादेवाचा वार म्हणून सोमवारी बैल सोडून ठेवणारे हिंदू तेली, ते सोमवार तेली. ही जोडी लावून पाहिली की शब्दात शिवी उरत नाही. बुधला घेऊन कोणाकडे कधी जायचं नाही, एवढंच तो सांगतो. शनवार तेली स्वतःला म्हणवत बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरं. ‘ज्यू’ आपल्याकडे इंग्रजीतून आला, ‘यहुदी’ अरबी-फारसीच्या वाटेने. घाण्यावरच्या माणसाला हे दोन्ही शब्द लांबचेच.

प्रतिसाद २
इतकं सोपं नाही ते. उतरंडीत तेल्याला कुठे बसवायचे हे आपल्याला ठाऊक आहे. फौजेत आणि सरकारी नोकरीत शिरल्यावर हे नाव कोणाला मिरवावंसं वाटेल? मला त्यांची आडनावं जास्त बोलकी वाटतात: नवगावकर, केहिमकर, पेणकर, झिराडकर. ‘बिलाँगिंग’ला मराठी शब्द काय, यावर आपण इथे कितीदा डोकं खाजवलंय. आपलेपणा म्हणा, नाळ म्हणा, काहीतरी कमी पडतंच. ‘कर’ या दोन अक्षरांत ते आयतं बसलंय. पण कवी जे नाव लावतो त्यात नेमका ‘कर’ नाही. गाव गळालं, घाणा राहिला.

मूळ प्रश्नकर्ता
म्हणजे कवीने तेली घेतला आणि शनवार सोडला. बैल आहे, वार नाही.

प्रतिसाद ३
वार आहे की! सुरुवातीचं एक कडवं पुन्हा वाचा. घरी शुक्रवारी रात्री होणाऱ्या प्रार्थना आहेत त्यात. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला बदलतो. शुक्रवारी दिवे लागले की शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू. दुसऱ्या दिवशी बंद घाणा दिसला म्हणून शेजारी शनवार म्हणाले. कवी त्या घराच्या आतला, त्याला शुक्रवारची रात्र आठवते.

नाव बाहेरचे ठेवतात, हे इस्रायललाही चुकलं नाही. तिकडे गेलेल्या बेने इस्रायलांच्या लग्नांवरून तिथल्या धर्मपीठाने शंका काढली, की हे पुरते ज्यू का. लोक धरणं धरून बसले, तेव्हा १९६४ साली सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. आणि तिथल्या बोलण्यात ते कोण? होदिम. हिब्रूत ‘होदू’ म्हणजे हिंदुस्थान. कोकणात वारावरून वेगळे, तिकडे देशावरून. तिथून त्यांनी मराठीत नियतकालिक चालवलं, त्याचं नाव मात्र स्वतः ठेवलं: ‘मायबोली’.

मूळ प्रश्नकर्ता
आभार. सगळे प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. तिचा एकच प्रश्न: सोमवारी तेल संपलं तर?

शनवार तेल्याकडे जायचं, म्हटलं.