पोलोक्झामरच्या आय ड्रॉप्सचं जेल नेमक्या तापमानाला होत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी काचबिंदूवरच्या टिमोलॉलचं इन-सिटू जेल करतेय. बाटलीत पातळ, डोळ्यात पडलं की घट्ट. साधा थेंब 30 ते 50 मायक्रोलिटरचा, डोळ्यात अश्रू जेमतेम 7, त्यामुळे बरंचसं औषध गालावर नाहीतर नाकात उतरतं. तिथून टिमोलॉल रक्तात गेलं की दम्याच्या पेशंटला ते धोक्याचं.

पोलोक्झामर 407 (गार असताना पातळ, तापलं की घट्ट होणारं पॉलिमर) घेतलंय, 18 टक्के, कोल्ड मेथडने. थंड पाण्यात पावडर थोडी थोडी भुरभुरायची आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, गुठळ्या होत नाहीत. व्हायलमध्ये चुंबकाने फिरणारी मॅग्नेटिक बीड टाकून वॉटर बाथ तापवत नेला की 27 अंशांच्या आसपास बीड अडखळते आणि थांबते, म्हणजे जेल झालं. पण 40:7 प्रमाणात कृत्रिम अश्रू मिसळले की 34 अंशांनाही, म्हणजे डोळ्याच्या पृष्ठभागाच्या तापमानालाही, बीड फिरतच राहते. 20 टक्क्यांचं अश्रू मिसळूनही घट्ट होतं, पण ते न मिसळता खोलीतच जमून बसतं. त्याच जातीचं पोलोक्झामर 188 घालून जेल होण्याचं तापमान वर नेलं, तर अश्रू मिसळल्यावरचंही वर जातं.

त्यापेक्षा मोठी काळजी वेगळीच आहे. मी अकोल्याची. मे महिन्यात इथे पारा 44-45 ला टेकतो, घरातली हवासुद्धा डोळ्यापेक्षा गरम असते. म्हणजे फॉर्म्युला कितीही जमवला तरी जेल बाटलीतच होणार. गार केलं की परत पातळ होतं हे खरं, पण त्याला फ्रिज लागतो. सर म्हणतात, ‘फ्रिजमध्ये ठेवा’ असं लेबलवर लिहू. मला ते पटत नाही. शेतात दिवसभर राबणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने दर वेळी फ्रिज कुठून आणायचा?

407 आणि 188 चं कुठलं प्रमाण कुणाला अश्रू मिसळूनही टिकलंय का? सोबत एचपीएमसी के4एम (दाटपणा वाढवणारं सेल्युलोज) घातल्याने फरक पडतो का?

की सरळ जेलन गमकडे वळू? ते अश्रूंमधल्या सोडियम-कॅल्शियममुळे घट्ट होतं, उन्हाळ्याचा प्रश्नच नाही. जेलनमधलं टिमोलॉल 1990च्या दशकापासून बाजारात आहे, दिवसातून एकदाच घालायचं. पण माझ्या सिनॉप्सिसमध्ये (प्रोजेक्टच्या आराखड्यात) ‘थर्मोसेन्सिटिव्ह’, म्हणजे तापमानाने घट्ट होणारं, असं लिहून मंजूर झालंय. दोन्ही एकत्र वापरलं तर चालेल का? कुणी केलं असेल तर जेलन किती टक्के घेतलं तेवढं तरी सांगा.