वडिलांच्या पोटातली महाधमनी फुगलीय (४.२ सेंमी). भावंडांचीही सोनोग्राफी करून घ्यावी का?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. आमचे आण्णा ७२ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. लघवीचा त्रास म्हणून प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली, तर प्रोस्टेट राहिलं बाजूला आणि रिपोर्टात खाली एक ओळ आली: 'इन्फ्रारीनल अ‍ॅब्डॉमिनल एओर्टिक अ‍ॅन्युरिझम, ४.२ सेंमी'. डॉक्टर म्हणाले, किडनीच्या नसांच्या खाली महाधमनीला फुगा आलाय, आत्ता काही करायचं नाही, वर्षानं परत बघू.

आण्णांना कुठं काही दुखत नाही, त्यामुळे ते कुणाचं ऐकत नाहीत. "मला साखर नाही, चष्म्याशिवाय पेपर वाचतो, दाखवा माझ्या वयाचा असा माणूस!" साखर खरंच नाही. पण बीपीची गोळी आठवली तर घेतात, आणि बिडी विशीपासून आहे. पूर्वी डेपोत बंडल संपायचं, आता चारपाचावर आलीय. सुटलेली नाही.

मला खटकतंय ते वेगळंच. आमचे आजोबा मळ्यातून आले, पोटात आणि कमरेत कळ आली म्हणून आडवे झाले, अंगाला घाम फुटला आणि गाडी मिळेपर्यंत संपलं. सगळ्यांनी हार्ट अटॅक म्हणून सोडून दिलं. हा रिपोर्ट बघितल्यापासून ते डोक्यातून जात नाही. मधले काका ६८ चे, सिगारेट ओढतात. धाकटे काका ६३ चे, डायबेटीस आहे, पण तंबाखूला कधी हात लावला नाही. आत्या ६५ ची, मशेरी लावते. माझा भाऊ ४४ चा, त्याचीही सिगारेट आहे. यातल्या कुणाकुणाची तपासणी करावी? आणि वर्षभर थांबणं बरोबर का? शेजारचे म्हणतात मुंबईला न्या, लगेच ऑपरेशन करा.

प्रोबवाला

ताई, माझं रोजचं काम सोनोग्राफीचं आहे म्हणून लिहितो. उपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

आधी थांबण्याबद्दल. तिथं महाधमनी साधारण २ सेंमी रुंद असते. ३ च्या वर गेली की फुगा म्हणायचा. पुरुषांत ऑपरेशनचा विचार ५.५ ला, बायकांत ५ च्या आसपास, कारण त्यांच्यात तो लहान असतानाच फुटायचा धोका जास्त. ४ ते ५.५ मधल्या लोकांना लगेच कापावं की नजर ठेवावी, यावर ब्रिटन (१९९८) आणि अमेरिका (२००२) दोन्हीकडे मोठे अभ्यास झाले. लगेच ऑपरेशन केलेले जास्त जगले नाहीत. ४.२ ला वर्षानं बघू म्हणणारे डॉक्टर शेजाऱ्यांपेक्षा बरोबर आहेत.

आता आण्णांच्या फुशारकीबद्दल. बहुतेक रक्तवाहिन्यांचे आजार मधुमेह्यांना जास्त होतात, हा एक उलटा आहे. मधुमेह असणाऱ्यांत पोटातला फुगा कमी आढळतो आणि वाढतोही हळू. मेटफॉर्मिनमुळे (मधुमेहाची नेहमीची गोळी) असं होतं का, यावर संशोधन सुरू आहे. म्हणजे साखर नसणं ही या बाबतीत ढाल नाही! (याचा अर्थ धाकट्या काकांनी जिलेबी खावी असा नाही.)

खरा गुन्हेगार धूर. वय, पुरुष असणं, बीपी, कोलेस्टेरॉल, घराण्यात कुणाला असणं, हे सगळं मोजतात, पण टाळता येण्यासारख्या कारणांत तंबाखूचा धूर सगळ्यांच्या पुढे. धमनीच्या भिंतीतले लवचिक धागे झिजतात, भिंत सैल पडते आणि आतल्या दाबानं फुगत जाते. ओढणं चालू ठेवलं तर फुगा जास्त वेगानं वाढतो आणि फुटायची शक्यताही वाढते. म्हणून ७२ व्या वर्षी सोडलेली बिडीसुद्धा वाया जात नाही. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा गैरसमज आहे, तिच्या धुरात डांबर आणि निकोटीन कमी नसतं.

तपासणी: मधले काका पहिले. पुरुष, ६८, सिगारेट आणि सख्ख्या भावाला फुगा, सगळं एकाच माणसात. धाकटे काका आणि आत्या यांचीही एकदा करून घ्या, भावंडांत धोका वाढतो. मशेरीचा दोष दाताहिरड्यांना आणि तोंडाच्या कॅन्सरला जास्त, या फुग्यात बोट दाखवायचं ते धुराकडे. तुमच्या भावाला आत्ता मशीन नको, त्यानं सिगारेट सोडावी आणि पन्नाशीनंतर एकदा बघून घ्यावं. सकाळी उपाशीपोटी या, गॅस असला की महाधमनी दिसत नाही. आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच सेंटरला जा. मापायची पद्धत बदलली की दोनतीन मिलीमीटरचा फरक सहज पडतो, आणि घरी रडारड सुरू होते.

एक महत्त्वाचं. लघवीचा त्रास म्हणताय, तर आण्णांना सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन दिलंय का बघा. आपल्याकडे लघवीच्या इन्फेक्शनला आणि जुलाबाला या गोळ्या सर्रास देतात, लोक स्वतःही आणून खातात. महाधमनीचा फुगा असलेल्यांना दुसरा इलाज असेल तर या देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१८ मध्ये दिलाय. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि विचारा.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये पुरुष ६५ चा होतो त्या वर्षी घरी पत्र येतं. मलाही आलं. पोटावर जेल, दहा मिनिटं, 'नॉर्मल' म्हणून सोडलं. ही योजना २०१३ पासून देशभर आहे. त्याआधी ६७,८०० पुरुषांवर मोठा अभ्यास झाला होता. २००२ मध्ये निकाल आला की बोलावून तपासलेल्या गटात या आजारानं मरणारे ४२ टक्क्यांनी कमी.

आशियाई पुरुषांत हा आजार गोऱ्यांपेक्षा बराच कमी, आणि यावरचा एक अभ्यास आमच्या लेस्टरमध्येच झालाय. म्हणून भारतात गावोगाव मशीन फिरवायची गरज नसावी. पण 'कमी' म्हणजे आण्णांना नाही असं थोडंच आहे!

अवांतर: आइनस्टाइन याच आजारानं गेले, १८ एप्रिल १९५५ ला. १९४८ मध्ये सर्जननं त्यांच्या धमनीभोवती चक्क सेलोफेन गुंडाळलं होतं. पाइप ओढायचे, हे सांगायला नकोच.

बांधावरून

आमच्याकडं पोटात धडधड लागली की बेंबी सरकली म्हणतात आणि चोळून घेतात. तसलं काही असंल का हे? आमच्या म्हातारीनं तर चोळणारी बाई ठरवलीय.

प्रोबवाला

त्या बाईला चहा पाजून परत पाठवा. बारीक अंगाच्या माणसाला बेंबीवर महाधमनीचे ठोके साधेही लागतात, ते काळजीचं नाही. पण साठी ओलांडलेल्या, बिडी ओढलेल्या माणसाच्या पोटात रुंद, धडधडता गोळा हाताला लागत असेल, तर आधी सोनोग्राफी. फुगा असलेलं पोट रगडायचं नसतं.

वारणाकाठ ताई, आजोबांचं आता कुणी सिद्ध करू शकणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं चित्र जुळतं. म्हणूनच घरात सगळ्यांना सांगून ठेवा: पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ, घाम, चक्कर, असं झालं तर आण्णांना गावातल्या दवाखान्यात सलाइन लावत बसू नका. सीटी स्कॅन आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन जिथं आहे तिथं न्यायचं आणि दारातच '४.२ चा फुगा आहे' म्हणून सांगायचं. साठीनंतर पहिल्यांदाच मूतखड्यासारखं दुखलं तरी हाच संशय आधी घ्यायचा. फुटल्यावर दहातले आठ वाचत नाहीत.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. गोळ्यांचं पाकीट बघितलं, ऑफ्लॉक्सासिनच आहे. सकाळी डॉक्टरांना फोन करते. बीपीची गोळी आजपासून आईच्या ताब्यात. मधल्या काकांना शनिवारी उपाशीपोटी नेतेय, आत्याही तयार झाली. आण्णा पण सोबत येतो म्हणतात, पण तिथं बिडीचा विषय काढायचा नाही अशी अट घातलीय. चालणं, मळ्यात फेरी मारणं चालेल ना त्यांना?

प्रोबवाला

चालणं, फेरी खुशाल. खताची पोती उचलणं बंद. अट मान्य करा, विषय सोनोग्राफीवाला काढेल. काकांचं माप आलं की इथे टाका.