कर्ण बोलतो, द्रौपदी गप्प

नदीकाठ:
पुराणातल्या पात्राने 'मी' म्हणून सगळी कथा सांगायची, हा बाज मराठी वाचकांचा भारी लाडका. १९६७ च्या 'मृत्युंजय'ने कर्ण घराघरांत नेला. माझी तक्रार अशी, की 'मी' म्हणणारं पात्र स्वतःचंच वकीलपत्र घेतं आणि वाचक उलटतपासणी विसरतो.

द्यूतसभा काढून वाचा. द्रौपदी जिंकलीच गेलेली नाही, असं कौरवांपैकी एकटा विकर्ण उठून म्हणतो. त्याला पोरसवदा ठरवून गप्प बसवतो कर्ण. द्रौपदीला बंधकी, म्हणजे कुलटा, म्हणतो कर्ण. पांडवांची आणि तिची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगतो तोही कर्णच. यावर कर्णप्रेमींचं उत्तर ठरलेलं: स्वयंवरात तिने सूतपुत्र म्हणून अपमान केला होता ना! तो अपमान भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या महाभारताने, मूळ पाठात घेतलेलाच नाही.

घाटमाथा:
साफ असहमत. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण एकटा बोलत नाही. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण हेही बोलतात. आणि हे आजचं नाही. प्राचीन संस्कृत नाटककार भासाच्या 'कर्णभार' नाटकात युद्धाला निघालेला, मन जड झालेला कर्ण आपला सारथी शल्य याला परशुरामाच्या शापाची हकीकत सांगतो. भासाला चाललं ते मराठी कादंबरीकाराला का नको? जन्मताच पाण्यात सोडलेल्या, कुळावरून आयुष्यभर हिणवलेल्या माणसाला आपली बाजू मांडायला जागा मिळाली, याचा मला आनंदच आहे.

नदीकाठ:
तुमच्या यादीत द्रौपदी कुठे आहे? फिर्याद तर तिची!
सहानुभूती व्यासांनीही दिलीय. दुर्योधनाला खूश करायला पांडवांना नाही नाही ते बोललो, त्याचा आता पश्चात्ताप होतो, असं उद्योगपर्वात कर्ण स्वतः कृष्णाला सांगतो. माझा जन्म युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन, असंही म्हणतो. एवढ्या मोठ्या माणसाला निर्दोष करायची गरजच काय?

जात्यावरची:
दोघंही ग्रंथ धरून बसलात. बायकांनी जात्यावर सीतेला कधीचं बोलतं केलंय. ओव्यांतली सीता सासुरवास भोगते आणि तो देशोदेशीच्या बायकांत वाटून देते. हे कुठल्या रामायणात आहे? दळणाऱ्या बाईने स्वतःचं दुखणं सीतेच्या तोंडी घातलं. चिकित्सक आवृत्ती लावून बसलात तर या ओव्या बाद करणार का?

नदीकाठ:
मुळीच नाही. पण त्या सीतेला मोठं करायला दुसऱ्या कुणा बाईला दोषी ठरवावं लागत नाही.

घाटमाथा:
मग द्रौपदीचं वेगळं पुस्तक लिहा. कुणी अडवलंय?

नदीकाठ:
वेगळं नको. त्याच पुस्तकात हवं, कर्णाच्या लगेच पुढचं प्रकरण तिचं. आधी स्वतःला हरलेला नवरा मला पणाला लावू शकतो का, हा तिचा प्रश्न भीष्मांनाही सुटला नाही. तो ऐकताना कर्णाच्या मनात काय चाललं होतं, ते मला त्याच्याच तोंडून वाचायचंय.